भरल्या गाडीचा हिशेब: सात माणसं, सामान आणि नाशिकचे घाट

शोरूममधली तीन रांगांची गाडी नेहमी रिकामी असते. टेस्ट ड्राइव्हला पुढे दोघं, मागे फार तर विक्रेता, आणि रस्ता मुंबई-आग्रा हायवेचा सपाट. तीच गाडी जुलैतल्या एखाद्या रविवारी पहाटे सात माणसं, सॅक, पाण्याचा कॅन आणि डबे भरून घोटीमार्गे कळसूबाईच्या पायथ्याला, बारीला निघते तेव्हा ती वेगळीच गाडी झालेली असते. हलक्या गाडीचं वजन तर जवळजवळ निम्म्याने वाढलेलं असतं. ब्रेक उशिरा लागतात, मागचं बंपर खाली बसतं, दुसऱ्या गिअरवर जाणारा चढ पहिला गिअर मागतो. म्हणून डोंगर-किल्ले, धरणं, पक्षी, तंबू असा नाद असलेल्या घराने गाडी निवडताना प्रत्येक आकडा एकाच प्रश्नाने तपासावा: सगळे बसल्यावर आणि सामान चढल्यावर काय?

मागे कोण बसणार, ते आधी ठरवा

रोज चौघं आणि महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी आजी-आजोबा किंवा मावशीची पोरं, असं असेल तर तिसरी रांग आखूड असली तरी भागतं. दोन भावांचं बिऱ्हाड एकत्र असेल आणि दर सुट्टीला सातही जागा भरणार असतील, तर तिसऱ्या रांगेवरूनच गाडी निवडायची, इंजिन आणि सनरूफ नंतर.

घरातला सगळ्यात उंच माणूस मागे बसवून बघा. विक्रेता दुसरी रांग पार पुढे ओढतो आणि मागे किती ऐसपैस जागा आहे ते दाखवतो, पण तेव्हा दुसऱ्या रांगेत कोणी नसतं. आधी दुसऱ्या रांगेतल्या माणसाला नीट बसता येईल अशी सीट लावा, मग मागे किती उरतं ते बघा. गुडघ्यापुढची जागा सगळे बघतात, बैठकीची उंची कोणी बघत नाही. पायाखालच्या फरशीपासून मागची बैठक वीतभरच वर असेल तर मांड्या अधांतरी राहतात, सगळं वजन कमरेवर येतं आणि साल्हेर किल्ल्याला पोहोचेपर्यंत माणूस आखडतो. दीड वीत असेल तर तीन तास सहज निघतात. चॅसीवर बांधलेल्या गाड्यांत, म्हणजे स्कॉर्पिओ-एन किंवा फॉर्च्युनरसारख्यांत, खाली चॅसीचे लोखंडी दांडे असल्याने फरशी उंच येते आणि मागे गुडघे वर येतात. कॅरेन्स, एर्टिगा, हायक्रॉस अशा एकसंध बांध्याच्या गाड्यांत फरशी खाली असते. आजींना चढायला पण याच सोप्या.

मधल्या रांगेत बाक घ्यावं की दोन सुट्या खुर्च्या? घरात लहान मूल आणि त्याची चाइल्ड सीट असेल तर सुट्या खुर्च्या बऱ्या. चाइल्ड सीट आयसोफिक्सला, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या लोखंडी कड्यांना, अडकवलेली असताना ती सीट दुमडता येत नाही, मागे जायचं तर मधल्या वाटेनेच जावं लागतं. बाकाची गाडी घेतली तर चाइल्ड सीट ड्रायव्हरच्या मागे लावायची आणि डावीकडची बाजू दुमडायला मोकळी ठेवायची. फुटपाथच्या बाजूने चढ-उतारही होते.

एसीची परीक्षा एप्रिलमधल्या दुपारी करायची. मागच्या रांगेसाठी छतात किंवा खांबात जाळ्या दिसतात, पण काही गाड्यांत तिथे स्वतंत्र कूलिंग कॉइल नसते, नुसता पंखा असतो आणि तो मधली हवाच मागे ढकलतो. विचारा, आणि गाडी अर्धा तास उन्हात उभी करून मग चालू करायला लावा. मागे बसलेल्याला दहा मिनिटांत गार वाटलं पाहिजे.

तिसरी रांग मागच्या चाकांवर असते, तिथे हेलकावे जास्त आणि काचही उघडत नाही. सप्तशृंगीच्या घाटात ज्यांना मळमळतं त्यांना मधल्या रांगेत खिडकीशी बसवावं. बोलेरो, बोलेरो निओ आणि जुन्या स्कॉर्पिओच्या काही प्रकारांत मागे समोरासमोरची आडवी बाकं येतात. शेतावर जायला ठीक, पण कुटुंबाच्या घाटप्रवासाला आमच्या मते ती नकोत. अपघातात आडव्या बसलेल्या माणसाची मान आणि कंबर बाजूने झटका घेते. पट्टा असला तरी तो समोर तोंड करून बसलेल्या माणसाच्या तीन टोकांच्या पट्ट्याइतकं धरून ठेवत नाही, आणि मळमळ तर हमखास.

सात सीट म्हणजे सामानासकट सहा

तिन्ही रांगा उभ्या असताना डिकी किती उरते ते लिटरमध्ये विचारा. एर्टिगात २०९, कॅरेन्समध्ये २१६, ट्रायबरमध्ये ८४, सफारीत तर ७३ लिटर. ट्रेकची मोठी सॅक ५० ते ६० लिटरची असते. म्हणजे एर्टिगा किंवा कॅरेन्समध्ये तीन सॅक, सफारीत एक. बाकीच्या सॅक कुठे जातात? पायात, मांडीवर आणि कॅरिअरवर.

यावर खरा उपाय म्हणजे अर्धी-अर्धी दुमडणारी तिसरी रांग. एक सीट आडवी केली की सहा माणसं आणि सगळं सामान नीट बसतं. मुक्कामाला जाणाऱ्या घराने सात सीटची गाडी सहाची समजूनच घ्यावी, सातवा हमखास येणार असेल तर एक पायरी मोठी बघावी. ट्रायबरची तिसरी रांग उचलून घरीच ठेवता येते आणि पाच माणसांमागे ६२५ लिटर जागा मिळते. पाच जणांच्या कॅम्पिंगला त्या किमतीत याहून सोयीचं काही नाही.

सामान सीटच्या पाठीपेक्षा उंच रचू नका. जोराचा ब्रेक लागला की गॅसची शेगडी तिसऱ्या रांगेच्या डोक्यावर येते. जड वस्तू खाली आणि सीटच्या पाठीला टेकून, हलक्या वर. छतावरच्या कॅरिअरला किती वजन चालतं ते मालकाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, बऱ्याचदा ५० ते ७५ किलोच, आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही आलं. वर वजन गेलं की वळणावर गाडी जास्त कलते, त्यामुळे वर फक्त तंबू आणि मॅट असावेत, पाण्याचा कॅन कधीच नाही.

वजन मोजा, कागदावर

दरवाज्याच्या खांबावर किंवा बॉनेटखाली एक पट्टी असते, तिच्यावर गाडीचं कमाल भरलेलं वजन लिहिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की किती भार चालतो ते कळतं. बहुतेक छोट्या सात सीटर गाड्यांत हा आकडा ५५० ते ६०० किलोच्या आसपास येतो. आता आपलं घर मांडा. चार मोठी माणसं २८० किलो, दोन कॉलेजची पोरं ११०, आजी ५५. झाले ४४५. पाच सॅक ४०, वीस लिटरचा कॅन २०, खाणं आणि शेगडी १०, दोन तंबू ८. एकूण ५२३. वर कॅरिअर लावलं आणि कोणीतरी परतीच्या वाटेत द्राक्षांच्या चार पेट्या घेतल्या की मर्यादा गाठली.

मर्यादा ओलांडली म्हणून गाडी लगेच मोडत नाही, आणि लोक फसतात ते इथेच. मागचे शॉकअप लवकर गळतात, टायरच्या बाजूच्या भिंती तापतात, क्लच झिजतो. जमिनीपासूनची उंचीही घटते. माहितीपत्रकातले १८५ किंवा १९५ मिलिमीटर हे बहुधा रिकाम्या गाडीचे असतात. सात माणसं बसली की तीन ते पाच सेंटिमीटर जातात. गावाच्या तोंडावरचा उंच गतिरोधक रिकामी गाडी सहज ओलांडते, भरलेली घासून जाते. शोरूममध्ये मागे सगळ्यांना बसवा आणि चाक-कमानीतलं अंतर आधी-नंतर टेपने मोजा. पाच मिनिटांचं काम आहे, कोणी नाही म्हणत नाही.

चढ: ताकद किती यापेक्षा कुठे मिळते

एर्टिगाचं दीड लिटर पेट्रोल इंजिन १०३ पीएस देतं (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप). ५२० किलो भार घेतल्यावर गाडी १७०० किलोच्या आसपास, म्हणजे टनामागे ६० पीएस. इनोव्हा क्रिस्टा १५० पीएसची, पण तिचं स्वतःचंच वजन साडेअठराशेच्या घरात, भरल्यावर साधारण २३७० किलो. टनामागे ६३. कागदावर दोघी सारख्याच. मग कसाऱ्याच्या घाटात क्रिस्टा आरामात का चढते आणि एर्टिगाचं इंजिन का ओरडतं?

कारण टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर. एर्टिगाचा जोर १३७ न्यूटन-मीटर आणि तो पूर्ण मिळतो इंजिनाच्या मिनिटाला ४४०० फेऱ्यांना. क्रिस्टाच्या डिझेलचा ३४३, आणि तो १४०० फेऱ्यांपासूनच. टनामागे धरलं तर ८१ विरुद्ध १४५. ट्रकमागे वीसच्या वेगाने चढताना इंजिन दीड-दोन हजार फेऱ्यांवर असतं. क्रिस्टाला तिथे सगळा जोर हाताशी असतो, एर्टिगाला गिअर उतरवून फेऱ्या वाढवाव्या लागतात. चढत नाही असं नाही, पण ओव्हरटेक नीट मोजून करावा लागतो. ट्रायबरचं एक लिटरचं इंजिन ७२ पीएस आणि ९६ न्यूटन-मीटरचं. पाच जणांना पुरतं. सात जण आणि घाट असेल तर एसी बंद करायची वेळ येते.

उंचीचाही वाटा असतो. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर शंभर मीटर उंचीला साधारण एक टक्का घटते, कारण हवा विरळ होते. नाशिक आधीच ६०० मीटरच्या आसपास, सप्तशृंगगड बाराशेच्या वर. म्हणजे वर पोहोचेपर्यंत बारा टक्के गेले. टर्बो इंजिन हवा दाबून आत घेतं, त्याला हा फरक फारसा जाणवत नाही. टर्बो पेट्रोल किंवा डिझेलला इथे खरं मोल आहे.

सीएनजीवर तीच एर्टिगा ८८ पीएसवर येते, टाकीचं वजन वाढतं आणि डिकीतली जागा टाकी खाते. रोज सिडकोतून अंबड-सातपूरला ये-जा करणाऱ्याला सीएनजी परवडतं यात वाद नाही. पण ट्रेकच्या सामानाला जागा उरत नाही आणि आडवळणाच्या पायथ्याच्या गावांत पंप नसतो. घेतलीच तर घाट सुरू व्हायच्या आधी पेट्रोलवर टाका, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी चुकवू नका.

उतार: जिथे खरं बिघडतं

चढाला गाडी फार तर दमते. धोका उतरताना असतो. दोन टनांची गाडी नांदुरीकडे उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की डिस्क तापते, उष्णता कॅलिपरमधून ब्रेक ऑइलमध्ये जाते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. जुन्या ऑइलमध्ये पाणी जास्त, पाणी लवकर उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकदम स्पंजासारखं खाली जातं. म्हणून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कितीही कमी चालली तरी. सर्व्हिस सेंटर नुसतं वरून भरून देतं, पूर्ण बदललं का ते बिलात बघा.

उतरताना ज्या गिअरवर चढला असता त्याच गिअरवर उतरा. मॅन्युअलमध्ये दुसरा-तिसरा, ऑटोमॅटिकमध्ये हाताने गिअर धरून ठेवायचा मोड, हायब्रिडमध्ये, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या गाडीत, उतारासाठी दिलेला मोड. तो मोड आहे का आणि खरंच गिअर धरून ठेवतो का, हे टेस्ट ड्राइव्हलाच बघायचं. काही ऑटोमॅटिक गाड्या उतारावर स्वतःहून वरचा गिअर टाकतात आणि गाडी मोकाट सुटते. जळका वास आला तर कठड्याशी रुंद जागा बघून वीस मिनिटं थांबा. गरम डिस्कवर पाणी ओतायचं नाही, ती वाकते.

टेस्ट ड्राइव्ह घाटात हवी असेल तर त्र्यंबक रोडने अंजनेरीपर्यंत न्यायला सांगा. गावातून वर वनखात्याच्या नाक्याकडे जाणारा रस्ता चढाचा आणि वळणाचा आहे, शहरापासून वीसेक किलोमीटर. गाडीत किमान पाच माणसं बसवा. चढावर थांबून पुन्हा निघा, हिल होल्ड, म्हणजे ब्रेक सोडल्यावर गाडीला चढावर मागे न जाऊ देणारी सोय, किती सेकंद धरतो ते बघा, क्लचचा वास येतो का ते बघा. विक्रेता पेट्रोलचं कारण सांगेल. पंधरा लाखांच्या खरेदीत दोन लिटर पेट्रोल आपण टाकावं.

डिझेल घ्यावं का

वर्षाला किती किलोमीटर होतात, हा पहिला सवाल. समजा पेट्रोल १०४ रुपये आणि गाडी भरलेली असताना १२ देते, डिझेल ९१ आणि १५ देते. किलोमीटरला ८.६७ आणि ६.०७, फरक २.६० रुपयांचा. डिझेलची गाडी रस्त्यावर येईपर्यंत १ लाख ६० हजारांनी महाग पडली तर ६१-६२ हजार किलोमीटरला पैसे वसूल. वर्षाला दहा हजार चालवणाऱ्याला सहा वर्षं लागतात, वीस हजारवाल्याला तीन. महाराष्ट्रात वैयक्तिक नोंदणीवर पेट्रोलला किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के आणि डिझेलला १३ ते १५ टक्के रस्ता कर आहे, तो फरक हिशेबात धरायला लोक विसरतात.

दुसरा सवाल गाडी कुठे चालते हा. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराड्याला डीपीएफ नावाची गाळणी असते. काजळी तिथे अडकते आणि धूर पुरेसा तापला की जळून जाते. कॉलेज रोड ते पंचवटी, सिग्नलला थांबत तीन-चार किलोमीटर, एवढीच गाडी चालली तर धुराडं तापतच नाही. गाळणी तुंबते, दिवा लागतो, गाडी ताकद कमी करते. गाडी स्वतःहून जास्तीचं डिझेल मारून काजळी जाळायला बघते आणि आपण मध्येच चावी फिरवली तर ते न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर समजावं की हेच झालंय आणि ऑइल बदलावं. उपाय सोपा: आठवड्यातून एकदा ओझर-पिंपळगावच्या बाजूला साठ-सत्तरच्या स्थिर वेगाने, एक गिअर खाली ठेवून वीस-पंचवीस मिनिटं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी डिझेलच्या वाटेला जाऊ नये. अनेक नव्या डिझेल गाड्यांत अ‍ॅडब्लू नावाचं द्रावणही भरावं लागतं, आणि ते पूर्ण संपलं की गाडी पुन्हा चालूच होत नाही. लांबच्या दौऱ्याआधी टाकी बघून घ्यावी.

हायब्रिड गर्दीत भरपूर वाचवते, उतारावर बॅटरीही भरते. मोकळ्या महामार्गावर तिचा फायदा आटतो. विजेवरच्या तीन रांगांच्या गाड्याही आता आल्या आहेत. नाशिक-मुंबईला त्या चालतील, साल्हेरवाडीत रात्रीतून चार्जिंग मिळेल असं मात्र धरून चालू नये.

चिखल, फोर-बाय-फोर आणि टायर

नाशिककराला फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी, लागते का? दहातल्या नऊ घरांना नाही. बारी, अंजनेरी, त्रिंगलवाडी, भावली, नांदूर मध्यमेश्वर, सगळीकडे पायथ्यापर्यंत किंवा त्याच्या जवळ रस्ता आहे. अडचण येते शेवटच्या दोनशे मीटरमध्ये, कोणाच्या तरी शेतात केलेल्या पार्किंगमध्ये. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात पावसाळ्यात प्रचंड पाऊस पडतो आणि भातखाचरांची माती साबणासारखी होते.

पुढची चाकं फिरणाऱ्या गाडीत माणसं आणि सामान मागे असलं की चढावर वजन आणखी मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि जागीच गरगरतात. क्रिस्टा, स्कॉर्पिओसारख्या मागची चाकं फिरणाऱ्या गाडीला तेच वजन पकड देतं. पुढच्या चाकांची गाडी अडकली तर आधी तिसऱ्या रांगेतल्यांना खाली उतरवा. दुसरा गिअर, अगदी हलका अ‍ॅक्सिलरेटर. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक घसरू न देणारी यंत्रणा, चिखलात ताकद कापतं, ते बटणाने तात्पुरतं बंद करा आणि बाहेर आल्यावर आठवणीने चालू करा. चाक गरगरायला लागलं की थांबा, जितकं फिरवाल तितकं ते खड्ड्यात जातं. ओढण्याची कडी बहुतेक गाड्यांत डिकीत सुटी ठेवलेली असते आणि बंपरमधली छोटी टोपी काढून ती पिळून बसवायची असते. ती कुठे आहे ते भर पावसात शोधत बसू नये.

स्टेपनी तर हमखास विसरली जाते. एर्टिगा, स्कॉर्पिओ-एन अशा गाड्यांत ती डिकीखाली बाहेरच्या बाजूला टांगलेली असते. ती खाली सोडायचा बोल्ट वर्षभर चिखल खाऊन जाम होतो. पावसाळ्याआधी एकदा उतरवून, ग्रीस लावून परत चढवायची. जॅकखाली ठेवायला फूटभर लाकडी फळी ठेवा, नाहीतर मऊ जमिनीत जॅकच खाली जातो.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ३२२३ म्हणजे २०२३ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी शिल्लक असली तरी घाटात आणि महामार्गावर नको. नक्षीची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण पावसात तीनच्या खाली गेलेला टायर पाणी बाहेर फेकत नाही. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दारावरच्या पट्टीवर दोन ओळींत असतं, एक दोन-तीन माणसांसाठी, एक पूर्ण भारासाठी. पंपवाला सगळ्यांना एकच हवा मारतो, पूर्ण भाराची ओळ तुम्ही सांगायची. समृद्धी महामार्गावर ती विशेष पाळा. तिथे गाड्यांना १२० ची मर्यादा आहे, काँक्रीट तापतं आणि कमी हवेचा टायर सतत दबून आतून भाजतो. हवा सकाळी थंड टायरमध्ये मोजावी. इगतपुरीला पोहोचल्यावर दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडून देऊ नये.

कोणी काय घ्यावं

सुरक्षेच्या ताऱ्यांपासून सुरुवात करू. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी तीन तारे, सफारीला २०२३ मध्ये दोन्हींत पाच. एर्टिगा २०२४ च्या चाचणीत मोठ्यांसाठी एका ताऱ्यावर अडकली, नंतर २०२५ मध्ये तिला सहा एअरबॅग प्रमाण म्हणून आल्या. बोलेरो निओलाही एकच. मात्र सहा एअरबॅग म्हणजे तिसऱ्या रांगेलाही संरक्षण असं समजू नका. बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅग काही गाड्यांत दुसऱ्या रांगेपर्यंतच येतात, ते मॉडेलप्रमाणे विचारावं लागतं. सीटच्या बाजूत एअरबॅग असेल तर चिखलापासून वाचवायला घातलेलं साधं रेक्झिन कव्हर ती उघडूच देत नाही. शिवणीत मोकळी जागा ठेवलेलं कव्हर मागा.

चौघांचं घर, कधीमधी सात, बजेट आखडतं: ट्रायबर. चार मीटरच्या आतली असल्याने २२ सप्टेंबर २०२५ पासून तिला १८ टक्के जीएसटी लागतो, लांब गाड्यांना ४०. पाचाची गाडी समजून घ्या, निराश होणार नाही. मायलेज आणि गल्लीबोळातलं गॅरेज महत्त्वाचं असेल तर एर्टिगा, पण घाटात सबुरीने. कॅरेन्सचं डिझेल २५० न्यूटन-मीटर देतं आणि तिसरी रांग मोठ्या माणसाला खरंच बसता येण्यासारखी आहे. घाट, मुलं आणि सामान असा मेळ घालणाऱ्या बहुतेक नाशिककरांना आम्ही तीच सुचवू. वर्षाला वीस हजार किलोमीटर आणि दहा वर्षं ठेवायची असेल तर क्रिस्टा. आतली सजावट जुनी वाटेल, पण टॅक्सीत या गाड्या कशा राबतात ते द्वारका चौकात उभं राहिलं तरी दिसतं. शहरातच जास्त फिरणं आणि पैशाची अडचण नसेल तर हायक्रॉस. चिखलाची खरीच आवड असेल तर स्कॉर्पिओ-एन. मागे मुलंच बसतील हे गृहीत धरून घ्या, आणि चिखलासाठीच घ्यायची तर फोर-बाय-फोरच घ्या. मूळ स्कॉर्पिओ २००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडली, त्यामुळे शहरात तिच्यावर भावनिक मतं फार मिळतात. ती ऐकावीत आणि तिसऱ्या रांगेत बसून बघावं.

विमा घेताना इंजिन प्रोटेक्शन घ्या. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की गोदाघाटावर लावलेल्या गाड्या पाण्यात जातात, दरवर्षी कोणाची तरी जाते. पाणी शिरलेली गाडी चालू करून बघायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साधा विमा ते नुकसान बहुधा नाकारतो. बॅटरीची वायर काढून टो करून न्यायची.

जुनी घेताना

जुन्या इनोव्हा आणि एर्टिगांत टॅक्सीतून खासगीत बदललेल्या भरपूर असतात. वाईट नसतात, पण किंमत खासगीची मागितली जाते. एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर नोंदणीचा वर्ग, मालकांची संख्या आणि चलनं बघा. मग गाडीवर खुणा शोधा: डॅशबोर्डखाली वेगमर्यादा यंत्राच्या कापलेल्या वायरी, दाराच्या आतल्या कडेला पुसलेल्या अक्षरांच्या सावल्या, सीटच्या रुळांचे बोल्ट घासलेले. मीटर साठ हजार दाखवतंय आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, मधल्या रांगेतली फोम बसलेली, असं दिसलं तर आकडा फिरवलेला आहे.

इंजिन थंड असताना जा. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर बॉनेटला हात लावून कळतं, दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. डिझेल चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. हलकी वाफ चालते, फसफस धूर येत असेल तर रिंगा झिजल्यात. डीपीएफ काढून टाकलेला असेल तर गाडी घेऊच नका, ते बेकायदेशीर आहे आणि गाळणी महाग येते. कार्पेट उचलून सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. तळाशी मातीची रेघ किंवा गंज असेल तर गाडी पुरातली. २०२३ च्या आधीची पेट्रोल गाडी असेल तर आता मिळणारं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल तिला चालतं का ते कंपनीच्या यादीत बघा. इंधनाचे रबरी पाइप भेगाळले असतील तर बदलून घ्या.

कागदांत फॉर्म २९ आणि ३० हस्तांतरासाठी, कर्ज फिटलेलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, आणि गाडी मालेगावच्या एमएच-४१ ची असो वा नाशिकच्या एमएच-१५ ची, आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरलेला दिसेपर्यंत पूर्ण पैसे द्यायचे नाहीत.